दाजीपूरचं रान सकाळी गाठा

कोल्हापुरातून निघायचं, राधानगरीवरून दाजीपूरच्या जंगलातून फोंडा घाट उतरायचा, फोंड्याहून वैभववाडी गाठायची, करूळ घाट चढून गगनबावड्याला यायचं आणि तिथून परत कोल्हापूर. साधारण दोनशे किलोमीटरचा फेरा. दिवसभरात सह्याद्रीचे दोन घाट, राधानगरीचा जलाशय, गव्यांचं रान आणि मध्ये कोकणातलं जेवण. एका दिवसात कुठे जाऊन येऊ, असं कुणी विचारलं की मी अजूनही हाच फेरा सुचवतो. मात्र कुठल्या बाजूने जायचं आणि किती वाजता कुठे असायचं, हे सांगितल्याशिवाय आता कुणाला सोडत नाही.

एका ऑक्टोबरात आम्ही उलट्या बाजूने गेलो होतो. सकाळी गगनबावडा, गगनगडावर दर्शन, करूळ घाट उतरून वैभववाडी, मग फोंड्यात निवांत जेवण. गाडीत मी, बायको, दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेली आई. जेवताना गडगडायला लागलं. परतीच्या पावसाची ती वेळच असते. फोंडा घाट चढायला लागलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. अर्ध्या घाटात पुढे ट्रकचे लाल दिवे दिसले आणि सगळं थांबलं. पावसाने भिजलेल्या दरडीतून एक झाड मुळासकट रस्त्यावर आडवं आलं होतं.

मागे-पुढे गाड्या, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. वळून जायला जागा नाही. मोबाईलला रेंज नाही. रांगेत एक एसटी होती आणि तिच्या कंडक्टरने सगळी सूत्रं हातात घेतली. एका ट्रकवाल्याकडे कुऱ्हाड निघाली, दुसऱ्याकडे जाड दोर. आधी फांद्या तोडल्या, मग बुंध्याला दोर बांधून ट्रकने तो बाजूला ओढला. कडेला मुळांची लाल माती उघडी पडली होती, त्यातून पाणी झिरपत होतं आणि प्रत्येक हिसक्याला वरून खडे निसटत होते. एकाने फक्त वर दरडीकडे बघत उभं राहायचं, हे त्या कंडक्टरने सर्वांत आधी ठरवून दिलं होतं. हे सगळं होईपर्यंत पूर्ण अंधार पडला. आईला लघवीला जायचं होतं आणि पाण्याची एकच बाटली उरली होती. मोठ्यांनी घोट घोट पुरवलं, मुलांना दिलं.

रस्ता मोकळा झाला तेव्हा कंडक्टर प्रत्येक गाडीपाशी येऊन सांगून गेला, "पाव्हणं, हळू जावा. वर गवं असत्यात. फुडचा गेला म्हणून गाडी हलवू नगा, मागं पिल्लू असतंय."

आणि तसंच झालं. घाटमाथ्यावर दाजीपूरच्या आसपास वळण घेतलं आणि हेडलाइटच्या उजेडात जमिनीलगत पांढरं काहीतरी दिसलं. गव्याचं अंग इतकं काळं असतं की रात्री ते उजेड खाऊन टाकतं. आधी दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरट पाय, मोजे घातल्यासारखे. मग डोळे चमकतात आणि तेव्हा कळतं की समोर किती मोठं जनावर उभं आहे. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो. मी गाडी थांबवली, दिवे खाली केले, हॉर्नला हात लावला नाही. एक गेला, दुसरा गेला. मी क्लच सोडणार एवढ्यात बायकोने हात धरला. मागून एक मादी आली आणि तिच्या पोटाला चिकटून पिल्लू. कंडक्टरचं ते वाक्य आम्ही ऐकलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. किलोमीटर मोजू नका, उजेड मोजा. ऑक्टोबरात आपल्याकडे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, दाट झाडीत त्याच्या बराच आधी अंधारतं. त्यामुळे जंगलाचा पट्टा सकाळीच संपवायचा आणि संध्याकाळी आपण वस्तीच्या रस्त्यावर असायचं. सहाला कोल्हापूर सोडलं तर नाश्त्यासह आठपर्यंत राधानगरी होते. धरण बघा, मुलांना सांगा की हे राजर्षी शाहू महाराजांनी उभारायला घेतलेलं काम आहे. याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, माणसाने फिरवावे लागत नाहीत. पुढे दाजीपूरपर्यंतचा रस्ता घाई न करता घ्या. अभयारण्याच्या आत जायचं असेल तर वनखात्याची परवानगी, ठरलेली वेळ आणि सोबत वाटाड्या लागतो, पावसाळ्यात आतली सफर बंद असते. ती करायची तर त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. याच फेऱ्यात ती कोंबली की पुढचं सगळं वेळापत्रक अंधाराकडे सरकतं.

हे जंगल १९५८ साली गव्यांसाठी राखीव झालं, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत राधानगरीचा समावेश झाला. रस्ता आपल्याला गव्यांच्या घरातून जाऊ देतो, तर गाणी बंद ठेवायची, काच खाली करायची, खाणं बाहेर टाकायचं नाही. माकडांना केळी, बिस्किटं देणारे लोक त्यांना रस्त्यावर बसायला शिकवतात आणि मग ती चाकाखाली येतात. हे बघून मला खरंच राग येतो.

पावसाळ्यात जायचं असेल तर निघण्याआधी दोन ठिकाणची चौकशी करा. कोल्हापूर-राधानगरी रस्त्यावर हळदीला आणि गगनबावडा रस्त्यावर मांडुकली, खोकुर्लेच्या भागात जोराच्या पावसात पाणी रस्त्यावर येतं. पहिलं भोगावतीचं, दुसरं कुंभीचं. गगनबावडा हा जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा तालुका आहे, त्यामुळे कोल्हापुरात ऊन पडलं असलं तरी कुंभीला पाणी चढू शकतं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. ती इशाऱ्याकडे सरकत असेल त्या दिवशी हा फेरा काढायचाच नाही. पुढे जाता येईल, पण परत यायचा रस्ता मागे बुडालेला असेल.

करूळ घाटाबद्दल तर दरवेळी विचारूनच निघायचं. २०२४ मध्ये रुंदीकरणासाठी तो महिनोन्‌महिने बंद होता आणि वाहतूक भुईबावडा घाटाने वळवली होती. पावसाळ्यात दरडीमुळे दोन्ही घाट अधूनमधून बंद होतात. नकाशावर रस्ता निळा दिसतो म्हणून तो चालू आहे असं समजू नका. वैभववाडीत किंवा गगनबावड्यात ओळखीचं कुणी असेल तर त्याला फोन करा, नाहीतर एसटी स्टँडवर विचारा. कुठली गाडी आज कुठल्या घाटाने गेली, हे तिथे नक्की कळतं.

गाडीचं थोडक्यात सांगतो. टाकी कोल्हापुरातच भरा, इलेक्ट्रिक गाडी असेल तर पूर्ण चार्ज करूनच निघा. स्टेपनीतली हवा बघा, जॅक आणि पाना बाहेर काढून हाताळून ठेवा. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ते तापतात, वास येतो आणि मग पकडत नाहीत. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. गाडीत माणशी दोन लिटर पाणी, टॉर्च, एक दोर, आई-वडिलांची औषधं आणि एखादी चादर असू द्या. चादरीचा आडोसा करता येतो, म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना याचं महत्त्व सांगावं लागत नाही.

नोव्हेंबर ते मार्च हवा सुरेख असते, पण तेव्हा उसाचा हंगाम असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वरून ऊस बाहेर आलेला, मागे दिवा नाही, कधी रिफ्लेक्टरही नाही. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोतात डोळे दिपले की पुढची ट्रॉली दिसतच नाही. जंगल संपलं म्हणून वेग वाढवावासा वाटतो, नेमक्या त्याच पट्ट्यात या ट्रॉल्या भेटतात. गगनबावड्याहून कोल्हापूरकडे येताना अंधार पडला असेल तर चाळीसच्या वर जाऊ नका आणि ओव्हरटेकची घाई अजिबात करू नका.

आणि फोंड्यात जेवून उठताना घड्याळ बघा. दोन वाजले असतील तर वैभववाडीमार्गे करूळ घाट चढून साडेचारच्या आत गगनबावड्याला चहा घेता येतो. तीन वाजले असतील तर वाटेत कुठेही न थांबता निघा. चार वाजून गेले असतील आणि आभाळ भरलं असेल, तर फोंडा आणि करूळ यांपैकी एकाही घाटाला हात लावू नका. कणकवली जवळ आहे, तिथे खोली मिळते. घरी फोन करून सांगा की उद्या दुपारी पोहोचतो, आणि सकाळी उजाडल्यावर घाट चढा.