कारखान्यातील अपघात : मजुराचा हक्क, मालकाची जबाबदारी

२०१४ सालची गोष्ट. धुळ्यातील आमच्या ओळखीच्या एका यंत्रमाग कारखान्यात पंचवीस वर्षांच्या मजुराची उजव्या हाताची तर्जनी चालू मागाच्या दातेरी चक्रात सापडली आणि मुळापासून गेली. मालकाने दवाखान्याचा खर्च केला, महिनाभर घरी धान्य पाठविले आणि मोहल्ल्यातील चार जाणत्या लोकांना बसवून पंधरा हजार रुपयांत प्रकरण मिटविले. मजुराची सही कोऱ्या कागदावर घेतली गेली. त्या चार लोकांत आम्हीही होतो. मालक लहान, आठ मागांचा धनी, मजूरही आपलाच, दोघांचे भले झाले, असे समजून आम्ही चहा पिऊन घरी गेलो.

पुढे तीन वर्षांनी एका वकील मित्राने आम्हाला कायद्याचा हिशेब कागदावर मांडून दाखविला. मजुराचा पगार महिना सहा हजार. त्याचे साठ टक्के म्हणजे ३,६०० रुपये. वयाप्रमाणे कायद्यात एक गुणक दिलेला असतो, पंचवीस वर्षांसाठी तो २१६.९१ आहे. गुणाकार केला की ७,८०,८७६ रुपये होतात. संपूर्ण तर्जनी गेली तर कमाईची शक्ती चौदा टक्के घटली असे कायदा मानतो. म्हणजे त्या मुलाचे १,०९,३२२ रुपये निघत होते. आम्ही पंच म्हणून बसून त्याला पंधरा हजार दिले. कापडाच्या गाठीत मीटरभर माल कमी निघाला तर आम्ही पेढीवर जाऊन भांडतो, आणि इथे चौऱ्याण्णव हजारांची तूट आम्हाला दिसली नाही.

म्हणून या वेळी बाजारभाव बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

कायदा जुना आहे. १९२३ साली इंग्रजांच्या काळात कामगार भरपाईचा कायदा झाला. २०१० पासून त्याला कर्मचारी भरपाई कायदा म्हणू लागले. आता तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नाव बदलले, पण मूळ गोष्ट तीच राहिली : काम करताना व कामामुळे अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. आपल्याकडे मालक पहिले वाक्य म्हणतो ते हे, ‘त्याचेच लक्ष नव्हते.’ हे वाक्य कायद्यात चालत नाही. मजूर नशेत होता, किंवा त्याने सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला, किंवा यंत्राचे संरक्षक कव्हर मुद्दाम काढले, एवढीच कारणे मालकाला सांगता येतात. आणि मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला, तर तीही उपयोगी पडत नाहीत.

दुसरा गैरसमज असा की हे कायदे मोठ्या गिरण्यांसाठी आहेत. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल चालत होत्या तेव्हा तिथे युनियन होती, दवाखाना होता, हजेरीपट होता. आज काम चार-आठ मागांच्या शेडमध्ये, जळगावच्या डाळ मिलमध्ये, प्लास्टिकच्या चटई कारखान्यात, जिनिंगमध्ये चालते. विजेवर यंत्र चालणाऱ्या जागेत भरपाईच्या कायद्यासाठी मजुरांच्या संख्येची अट नाही. बदली कामगारालाही हक्क आहे. ठेकेदाराचा माणूस असला तरी तो मूळ मालकाकडे मागणी करू शकतो. मालकाने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावे. कामावर येता-जाता रस्त्यात अपघात झाला आणि त्याचा कामाशी संबंध दाखविता आला, तर तोही नव्या संहितेत धरला आहे.

अपघात कसे होतात हे मागवाल्यांना सांगायची गरज नाही. धोटा उडून डोळ्याला लागतो, माग बंद न करता तेल घालताना बोट जाते, पट्ट्यात बाही अडकते, पावसाळ्यात ओल्या भिंतीवरच्या उघड्या वायरीचा झटका बसतो. डाळ मिलमध्ये एलेव्हेटर साफ करताना, चटई कारखान्यात भंगार दळताना किंवा वितळलेल्या प्लास्टिकने, जिनिंगमध्ये रोलरशी. आग आणि स्फोट तर वेगळेच. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन डझनभर किंवा त्याहून अधिक माणसे गेली. एप्रिल २०२३ मध्ये साक्री तालुक्यात केकवरच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या लहानशा कारखान्यात आग लागली, त्यात मजूर स्त्रिया जळून मेल्या. अशा मोठ्या घटना वर्तमानपत्रात येतात. बोट तुटल्याची बातमी कधी येत नाही.

आणखी एक दुखणे असे आहे जे अपघात वाटत नाही. वर्षानुवर्षे मागाच्या खडखडाटात बहिरेपणा येतो आणि कापसाच्या धुळीने दम लागतो. कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत हे दोन्ही आहेत. मात्र सिद्ध करायला डॉक्टरांचे कागद लागतात आणि आपला मजूर खोकल्याचे औषध मेडिकलवरून परस्पर घेतो.

रकमेचा हिशेब वर सांगितला तसाच. मृत्यू झाला तर साठऐवजी पन्नास टक्के धरतात आणि पुरा गुणाकार वारसांना मिळतो. वय कमी तेवढा गुणक मोठा. चाळीस वर्षांना तो १८४.१७ आहे. अवयवांचे टक्के ठरलेले आहेत : अंगठा तीस, हाताची चारही बोटे पन्नास, एक डोळा गेला व दुसरा चांगला असेल तर चाळीस. हिशेबासाठी धरायच्या पगाराला कमाल मर्यादा असते. २०२० साली ती आठ हजारांवरून पंधरा हजार केली होती. हाड मोडून काही महिने घरी बसावे लागले तर त्या काळात दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या पंचवीस टक्के रक्कम आणि औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाकडे निघतो.

कारागीर बांधवांनी एक निकाल लक्षात ठेवावा. सिनेमागृहाच्या सजावटीचे काम करणारा एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालक म्हणत होता, एक हात शिल्लक आहे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाची कमाईची शक्ती शंभर टक्के गेली. म्हणजे नुसती टक्क्यांची यादी पाहू नये, त्या हाताने कोणते काम चालत होते तेही सांगावे.

आता पद्धत. जखम झाली की आधी दवाखाना, हे खरेच. पण केसपेपरवर ‘घरी पडला’ असे लिहू देऊ नये. मालक पोलिसांच्या भीतीने तसे सांगायला लावतो आणि पुढे सारा दावा त्या एका ओळीवर अडतो. मालकाला लेखी कळवावे व पोच घ्यावी. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, हप्त्याची वही, मोबाईलवर पगार जमा झाल्याच्या नोंदी जपाव्यात. शेजारच्या मागावर कोण होते ते लिहून ठेवावे. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो. उशीर झाला तर सबळ कारण द्यावे लागते. कुठे करायचा हे जिल्ह्याच्या सरकारी कामगार कार्यालयात विचारावे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जावे. औद्योगिक कामगाराला व कोणत्याही स्त्रीला तिथे मोफत वकील मिळण्याचा कायद्याने हक्क आहे.

कारखान्यात दहा किंवा अधिक माणसे असतील आणि पगार एकवीस हजारांच्या आत असेल तर राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, पाहावी. २०१९ पासून तिचा हप्ता मालकाकडून पगाराच्या ३.२५ टक्के आणि मजुराकडून ०.७५ टक्के असा ठरला. कामावरच्या दुखापतीसाठी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे आणि बरे होईपर्यंत सुमारे नव्वद टक्के वेतन मिळते. तिथे नोंद असलेल्याला त्याच दुखापतीसाठी मालकावर भरपाईचा वेगळा दावा करता येत नाही, त्यामुळे ही योजना मालकालाही सोयीची आहे. आमचे अनेक कारखानदार मित्र दहावा माणूस वहीत दाखवीत नाहीत. चार पैसे वाचतात, पण एका अपघातात दोन माग विकावे लागतात.

लहान मालकांसाठी आणखी दोन शब्द, कारण हे पान तेही वाचतात. आपसांत मिटविलेले प्रकरण कायद्याने मिटत नाही. हक्क सोडल्याचा कागद निरर्थक असतो, मग तो स्टॅम्पपेपरवर का असेना. मृत्यूच्या प्रकरणात विधवेच्या हातात दिलेली रक्कमही भरपाई म्हणून धरली जात नाही, ती अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. फक्त तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल वजा होते. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर बारा टक्के व्याज, आणि कारण सबळ नसेल तर निम्म्यापर्यंत दंडही बसतो. मतभेद असला तरी जेवढे मान्य आहे तेवढे ताबडतोब द्यावे. दहापेक्षा कमी माणसे असतील तर सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मजुरांच्या भरपाईची पॉलिसी मिळते. मागांचा, मालाचा विमा काढताना तीही विचारावी.

काही मालक ही रक्कम जकातीच्या पैशांतून देतात आणि हात झाडतात. आम्ही मौलवी नाही, कापडाचे व्यापारी आहोत. पण उधारी जकातीतून चुकती होत नाही, एवढे आमच्या पेढीवरच्या पोरालाही समजते. ही रक्कम उधारीच आहे.

त्या मुलाला आता मागावर धाग्याची गाठ नीट मारता येत नाही. तो कापडाच्या गाठी वाहतो, कधीकधी आमच्याच दुकानात.