लाल माती धुऊन निघताना

नकाशा वाचत सायकल चालवायची, त्यावर आखलेले टप्पे ठरल्या क्रमाने गाठायचे, आणि दोन टप्प्यांमधली वाट आपली आपण निवडायची. माउंटन बाइक ओरिएंटिअरिंग हा खेळ एवढाच. त्याची पहिली जागतिक स्पर्धा २००२ साली फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या जंगलात झाली, दुसरी २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या बॅलरॅटला. त्याच राज्यातल्या, परदेशी स्पर्धकांना खुल्या असलेल्या एका स्पर्धेला मी चवथ आटोपल्यावर गेले. माझं घर गोव्यातल्या पेडण्यात, नोकरी लोहखनिजाच्या खाणींच्या डिचोलीत आणि सराव लामगाव, मये, पिळगाव या बाजूच्या रस्त्यांवर. मोपाचा विमानतळ दाराशी आल्यामुळे प्रवास सोपा होईल असं वाटलं होतं. तो प्रवास आणि ती स्पर्धा यांनी जे शिकवलं, ते पुढे जाणाऱ्यांसाठी लिहिते.

१. माती घरी ठेवून जा.
ऑस्ट्रेलियात उतरताना प्रवाशाला जे लिहून द्यावं लागतं, त्यात माती लागलेल्या वस्तूंबद्दल, खेळाच्या सामानाबद्दल थेट विचारतात. परक्या मातीतून बुरशी, बियाणं, किडे येऊ नयेत म्हणून ही काळजी. आपल्याकडे भाद्रपदात डिचोलीहून आलेली सायकल म्हणजे अर्धी सायकल आणि अर्धी खाण. मी आणि बाबा दोन संध्याकाळी अंगणात बसलो. पाइपने धुतल्यावर ती स्वच्छ दिसत होती. मग बाबांनी ती उलटी केली आणि पेडलच्या दांड्याखालची जागा जुन्या टूथब्रशने घासली. तिथून कुंकवासारखं लाल पाणी ओघळलं. टायरच्या खाचा, बुटांच्या तळाचे क्लीट, सीटखालची पिशवी, सगळीकडे तीच माती. शेवटी सुई घेऊन एकेक खाच कोरली. ऑस्ट्रेलियातल्या अधिकाऱ्यांनी पेटी उघडून टायरवर टॉर्च मारला, बूट उलटे करून पाहिले आणि जायला सांगितलं. माती असण्याची शक्यता वाटली तर कागदावर ‘हो’ लिहा. लपवलं तर दंड होतो. सांगितलं तर सहसा धुऊन घेतात.

२. पेटी स्वतः भरा.
म्हापशाच्या सायकलच्या दुकानात नव्या सायकलीचा रिकामा खोका मिळतो. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, हे विसरून जोर लावला तर आटे जातात. मागचा डिरेलर काढून फडक्यात गुंडाळा, डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठा घाला, चाक काढलेल्या फोर्कच्या दोन टोकांमध्ये लाकडी खुंट बसवा. प्रत्येक पायरीचा फोटो काढा. मी एवढं सगळं केलं, पण डिरेलर ज्यावर बसतो तो छोटा हँगर फ्रेमलाच राहू दिला. प्रवासात कुणीतरी पेटी आपटली आणि तो वाकला. फ्रेमगणिक हँगर बदलू शकतो, त्यामुळे परगावी तो मिळेलच असं नाही. माझ्याजवळ जादा एक होता म्हणून स्पर्धा झाली.

३. कस्टम्सचा कागद जातानाच घ्या.
महागडी सायकल परत आणताना ती परदेशात विकत घेतली नाही हे दाखवावं लागू शकतं. त्यासाठी निघतानाच कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट मिळतं. बिल, फोटो आणि फ्रेमवर कोरलेला क्रमांक जवळ ठेवा. माझा क्रमांक त्याच लाल मातीखाली होता. मोपाहून पेटी थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत पाठवली तर मुंबईत ती डोळ्यांनीही दिसत नाही. म्हणून मी ती मुंबईपर्यंतच लावली, उतरवून घेतली आणि मग कागद केला. चार तास हाताशी ठेवा.

४. सूर्यावर विसंबू नका.
ही सर्वांत मोठी शिकवण. आपल्याकडे वर्षाचा बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो. सराव करताना तो कुठल्या खांद्यावर आहे ते पाहायची मला सवय. व्हिक्टोरियात दुपारचा सूर्य उत्तरेला. डोक्याला हे ठाऊक होतं, अंगाला नव्हतं. होकायंत्राचंही तसंच. चुंबकीय बलाचा उतार दक्षिण गोलार्धात उलटा होतो, म्हणून उत्तरेकडच्या भागासाठी तोललेली सुई तिथे कलते आणि डबीच्या तळाला घासते. माझी घासली. तिकडचं होकायंत्र घ्या, किंवा सगळीकडे चालणारं.

५. चुकलात तर मागे या.
या खेळाच्या नकाशावर वाटेची रेघ वेग सांगते. अखंड रेघ म्हणजे सुसाट, तुकडे जितके आखूड तितकी वाट अवघड. नकाशा हँडलवरच्या फिरत्या पाटीवर असतो आणि प्रत्येक वळणाला तो फिरवून समोरची दिशा वर आणायची असते. चौथ्या टप्प्यानंतर मी तो फिरवला नाही, सूर्य पाहून वळले. वाट छान होती म्हणून पुढे जात राहिले. छान वाट फसवते. बाबा खाणीवर टिपर चालवायचे. धुळीत रस्ता दिसेनासा झाला की काय करायचे, ते त्यांनी निघताना सांगितलं होतं: “पुढे बरोबर लागेल म्हणून जायचं नाही गो. शेवटची ओळखीची जागा गाठायची.” मी शेवटच्या तिठ्यावर परतले, थांबले, नकाशा फिरवला. चौदा मिनिटं गेली. परतले नसते तर दिवसच गेला असता.

६. वाट सोडू नका.
स्पर्धा झाली तो सोन्याच्या खाणींचा मुलूख. १८५१ पासून लोकांनी इथली जमीन पोखरली, आणि जंगलात जुने खड्डे अजून आहेत. डिचोलीच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. पाण्याने भरलेल्या खाणी आपण लहानपणापासून पाहतो.

७. तिथे तेव्हा वसंत होता, आणि वसंतात मॅगपाय पक्षी घरट्याजवळून जाणाऱ्या सायकलस्वाराच्या डोक्यावर झेपावतो. तिथले लोक हेल्मेटला प्लास्टिकचे टाय उभे बांधतात. मीही बांधले. हेल्मेट तर तिथे कायद्यानेच सक्तीचं.

८. आपल्या जमिनीचा नकाशा काढा.
तिथल्या साध्या शाळकरी मुलांच्या हातातही वाटांचे वेग दाखवणारा नकाशा होता. २०१२ साली खाणी थांबल्यावर आपल्याकडे रुंद रस्ते ओस पडले, त्यांवर मी सायकल शिकले. आता काही खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत, टिपर परतले आहेत, त्यामुळे कुठे जाता येतं आणि कुठे नाही हे नोंदणं जास्तच गरजेचं झालंय. बाबा आणि मी लामगावच्या बाजूने सुरुवात केली आहे, जागेच्या मालकाला विचारून. रविवारी सकाळी दोन तास, पाऊण चौरस किलोमीटर झालंय. आपल्या गावची पाणंद कुठे फुटते, कुठला व्हाळ मेपर्यंत वाहतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी वही-पेन्सिल घेऊन यावं. सायकल नसली तरी चालेल.