युक्त झोप, युक्त खेळ (गीता, अध्याय ६, श्लोक १६-१७)

अर्जुनाला ध्यानयोग सांगता सांगता भगवंत अगदी घरगुती गोष्टींवर येतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, उपाशी राहणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचा आहार, विहार, काम, झोप आणि जागणं प्रमाणात असतं, त्याचा योग दुःख दूर करतो.

माझी लेक दुसरीत आहे. हे दोन श्लोक मला आधी तिच्या दिनक्रमात दिसतात.

झोप: आमच्या ओवे-खारघर भागात रात्री दहालाही कितीतरी घरांचे दिवे चालू असतात. कुणाचा अमेरिकेतल्या टीमशी कॉल, कुणी नुकतंच ट्रेनमधून उतरलेलं. मग मूलही जागतं. साधा हिशोब करूया. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तासांची झोप सांगितली. शाळेसाठी सहाला उठायचं, तर नऊला डोळा लागायलाच हवा, आणि तेही किमान! गाढ झोपेत वाढीचं संप्रेरक स्रवतं, दिवसभर शिकलेलं झोपेतच पक्कं होतं. भूक लागली की मूल सांगतं. झोप कमी पडली की ते सांगत नाही, नुसतं चिडचिडतं, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

विहार: जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सुचवते. आणखी एक क्लास लावण्याआधी लगोरी, साखळी, सायकल. पावसाळ्यात घरातच दोरीच्या उड्या.

आहार: १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलीग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, त्यामुळे भाकरी, आंबील, सत्त्व काहीही चालेल. काय वाढायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते मुलाने. पोट भरल्यावरचा ‘अजून एकच घास’ हाही अतिरेकच.

कर्म: तुळशीला पाणी, स्वतःचं दप्तर भरणं. गृहपाठाला शेजारी बसा, पण पेन्सिल तिच्याच हातात राहू दे.

आता खरा प्रश्न. बाबा साडेनऊला घरी येतात, मूल नऊला झोपलं तर भेट कधी? नुसत्या शिस्तीने हे सुटत नाही, कारण मुलाला बाबाही हवे असतात. आमच्याकडे संध्याकाळ आजीची: सातला हरिपाठ, मग जेवण, मग गोष्ट. सकाळची वीस मिनिटं माझी. फोन आतल्या खोलीत, आम्ही दोघं दुधाचा पेला आणि चहा घेऊन गॅलरीत. रात्रीच्या झोपाळू अर्ध्या तासापेक्षा ती जास्त बोलते.

भगवंतांनी मोजून तास सांगितले नाहीत, ‘युक्त’ एवढंच सांगितलं. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, पण ते ठरवायचं मोठ्यांनी, आणि पाळायचंही आधी मोठ्यांनीच.

आजचा संकल्प: आज रात्री नऊला मुलांच्या खोलीतला दिवा बंद. तुमच्या घरात काय अडतं, तेही आज बसून बघा.

राम कृष्ण हरी!