काटेरी शेजार : पडितावरील वनस्पतींचे परस्पररक्षण

पावसाळा ओसरल्यानंतर आपल्या भंडारा जिल्ह्यातील एखाद्या गावच्या पडितावर उभे राहून पाहावे. जेथे गुरांचा रोजचा वावर आहे, तेथील गवत जमिनीलगत खुरटलेले दिसते. मात्र त्याच पडितावर बोराटीचे एखादे झुडूप असेल, तर त्याच्या काट्यांच्या आत मारवेल गवताच्या काड्या सरळ वाढून तुऱ्यावर आलेल्या आढळतात. माती तीच, पाऊस तोच आणि गुरेही तीच. मग एका गवताला बी धरता आले व दुसऱ्याला आले नाही, हे कशामुळे? या भेदाचे कारण शेजारात आहे.

वनस्पतीला संकटापासून पळून जाता येत नाही. काटा, चीक, उग्र वास आणि कडू चव ही तिची संरक्षणाची साधने होत. ज्या वनस्पतीजवळ यांपैकी काहीच नाही, तिला शेजारणीच्या साधनांचा आश्रय मिळतो. बोराटीच्या काट्यांची जोडी असते. त्यांतील एक काटा सरळ, तर दुसरा आकड्यासारखा वाकडा. गाय गवताच्या झुबक्याभोवती जीभ गुंडाळून तो ओढून तोडते. काट्यांमध्ये तोंड घातल्याशिवाय तिला हे साधत नाही, म्हणून ती आतले गवत सोडून देते. तरोटा व रानतुळस यांना काटे नाहीत. तरोट्याची कोवळी पाने आपण आवडीने भाजी करून खातो; परंतु वाढलेल्या तरोट्याला आणि रानतुळशीच्या वासाला गुरे टाळतात. प्रत्येक घासाबरोबर नको असलेला पाला तोंडात येऊ लागला, की जनावर तो तुकडाच सोडून पुढे जाते. त्या पाल्यात मिसळलेले गोड गवत अशा रीतीने वाचते.

१९७६ साली ॲट्सॅट आणि ओ'डाउड या शास्त्रज्ञांनी अशा वनस्पतिसमूहांना 'संरक्षक संघ' या अर्थाचे नाव दिले. पुढे १९७८ साली मॅकनॉटन यांनी आफ्रिकेतील सेरेंगेटीच्या गवताळ प्रदेशात या कल्पनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. संघाचे संरक्षण कितपत उपयोगी पडते, हे चरणारा प्राणी किती निवडून खातो यावर अवलंबून असते, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होय. आपल्याकडेही हेच दिसते. गाईला अडवणारा काटा शेळीला तितकासा अडवीत नाही, कारण ती निमुळत्या तोंडाने व चपळ ओठांनी काट्यांमधील पाने अचूक वेचते.

या शेजाराला दयाभाव मानण्याचे कारण नाही. बोराटी काटे धारण करते ती स्वतःसाठीच. शेजारच्या गवताला ती आडोसा देते, तशीच त्याच्या वाट्याचे पाणी व ऊनही घेते. शिवाय प्रमाण सुटले, तर लाभाची हानी होते. चराई अति झाली की गोड गवते संपतात आणि गुरे न खाणाऱ्या वनस्पती सर्वत्र पसरतात. मूळची अमेरिका खंडातील रानतुळस सगळे पडीत व्यापून बसली, तर रक्षण करण्याजोगे गवतच उरत नाही.

हे ज्ञान आपल्या उपयोगाचे आहे. पूर्व विदर्भातील महसुली नोंदींत 'झुडपी जंगल' नावाचा जमिनीचा एक प्रकार आहे. दिनांक २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा जमिनी वनच मानल्या जाव्यात, असा निर्णय दिला. तरीही झुडूप म्हणजे निरुपयोगी, ही समजूत आपल्या मनातून गेलेली नाही. वृक्षारोपणाचा दिवस ठरला, की आपण आधी बोराट्या तोडतो, जागा स्वच्छ करतो आणि मग प्रत्येक रोपाभोवती विकतचे कुंपण उभारतो. झुडपावर बसणाऱ्या पाखरांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांपासून उगवलेले कडुनिंबाचे रोप त्या तोडीतच नाहीसे होते. काटेरी झुडूप ही ओक वृक्षाची माता होय, अशा अर्थाची म्हण इंग्लंडमध्ये फार पूर्वीपासून आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी बालपणी सुटीत ढोरे चारली असतील. त्यांना यातील बरेचसे डोळ्यांनी पाहिलेले आठवेल. विद्यार्थ्यांसाठी मात्र एक सोपा प्रयोग सुचवितो. दिवाळीनंतर पडितावरील दहा रोपे झुडपांच्या आत व त्याच जातीची दहा रोपे उघड्यावर शोधावीत, त्यांची उंची मोजून वहीत लिहावी आणि होळीच्या सुमारास पुन्हा मोजावी. झुडपाच्या सावलीचाही परिणाम होत असल्याने, गुरांनी खुडल्याच्या खुणा वेगळ्या नोंदवाव्यात. पुढील पावसाळ्यात रोपे लावण्यापूर्वी ही वही उघडून पाहावी आणि मगच बोराटीवर कुऱ्हाड चालवायची की तिच्याच आडोशाला रोप लावायचे, हे ठरवावे.