नारळ कितीला?

रत्नागिरीचा विमानतळ आमच्या मिरजोळ्यात आहे. तटरक्षक दलाची विमानं डोक्यावरून जातात, आणि आम्हाला विमानात बसायचं तर मोपा नाहीतर मुंबई गाठायची. असो. इथल्याच एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं हिशेब सांभाळते. पहिली बारा वर्षं "एकदा निवांत रजा काढून" फिरायचं म्हणत कुठेच गेले नाही. नंतरच्या सात वर्षांत नोकरी तीच, साहेब तेच, पण वर्षाला आठ-दहा वेळा घराबाहेर पडते. कसं जमलं म्हणून बायका विचारतात, म्हणून हे.

1. रजा साठवून प्रवास होत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा 1948 च्या कारखाने अधिनियमाप्रमाणे वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा जमायची. ती मी उटीसाठी राखून ठेवायची. त्यातली काही नणंदेच्या बाळंतपणात गेली, काही दोन लग्नांत, उरलेली पडवीची कौलं चाळण्यात. उटी आहे तिथेच आहे. आता एका वेळी एकच दिवस मागते, रविवारला जोडून. एका दिवसाला साहेबही कपाळाला आठ्या घालत नाहीत.

2. कामाच्या तारखा आधी मांडायच्या. हिशेबाच्या माणसाला महिन्यात चार खुंट्या असतात: 7 ला टीडीएस, 11 ला जीएसटीआर-वन, 15 ला पीएफ, 20 ला थ्री-बी. मग 21 पासून महिनाअखेरच्या स्टॉकपर्यंतचा आठवडा माझा. जानेवारीत सुट्ट्यांची यादी बोर्डावर लागली की स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या आठवड्यांना पेन्सिलीने गोल करते. मार्चचं नावच काढायचं नाही. एप्रिल-मेही सोडून द्यायचे, तेव्हा आंबे आणि पाहुणे एकदमच उतरतात.

3. रात्र रजेत धरायची नाही. शनिवारी कामावरून येऊन, जेवून, मत्स्यगंधा पकडली की पहाटे उडुपी. श्रीकृष्ण मठ, केळीच्या पानावर जेवण, अर्धा दिवस मल्पेचा किनारा, आणि दुपारी त्याच गाडीने उलट. रत्नागिरी स्टेशनवर उतरायला मध्यरात्र उलटून जाते. हे स्कूटर घेऊन बाहेर उभे असतात. ह्यांना प्रवास मानवत नाही, पण आणायला न चुकता येतात. सोमवारी आठ पंचावन्नला पंचिंग. रजा शून्य. मुंबईला जायचं तर कोकणकन्या, तीही रात्रीचीच.

4. खोटं सांगून जायचं नाही. एकदा तापाचं कारण देऊन गोकर्णला गेले. सोमवारी नाकाची साल निघत होती. साहेबांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "ताप उन्हाचाच होता वाटतं." बस्स, एवढंच. पण ते वाक्य अख्ख्या डिपार्टमेंटला अजून पाठ आहे.

5. कोकण रेल्वेची पावसाळ्यात दुसरीच वेळ असते. दरडींमुळे गाड्या हळू चालवतात, म्हणून त्या काळाचं वेळापत्रकच वेगळं. मला हे ठाऊक होतं, तरी उन्हाळ्यातली वेळ डोक्यात धरून प्लॅटफॉर्मवर गेले. तिथे एक कुत्रं आणि मी.
पावसातली दुसरी गोष्ट म्हणजे उलटी दिशा. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं की चाकरमानी मुंबईकडे परततात आणि त्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. मडगावकडच्या गाडीत मात्र खिडकी मिळते. आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, याबद्दल लोक कुरकुरतात. मला ते बरं वाटतं. चार महिन्यांनी कोणाचं बारसं निघेल हे नोकरदार बाईला काय माहीत?

6. रविवारही पुरतो. पावस, पूर्णगड करत कशेळीला स्कूटरवर जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. कनकादित्याचं देऊळ पाहिलं, देवघळीचा समुद्र पाहिला, आणि एका गाववाल्याला घेऊन कातळशिल्पाच्या सड्यावर गेले. दिवाळी होऊन गेली होती, गवत वाळलेलं, जांभा पायाखाली तापलेला. मी चहूकडे पाहून विचारलं, "हत्ती कुठे आहे?" तो म्हणाला, "वैनी, तुम्ही त्याच्या पायावरच उभ्या आहात." अठरा मीटरांच्या आसपास लांब हत्ती, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली. रेघेवरून चालत गेले तेव्हा कुठे सोंड सापडली. आपल्याकडची अशी काही ठिकाणं 2022 साली युनेस्कोच्या प्राथमिक यादीत गेली, त्यात कशेळीही आहे. बारा वर्षं मी उटी उटी करत होते, आणि हा इथे सड्यावर आडवा पडलेला होता.

7. एसटीचं तिकीट आधी कागदावर मांडायचं. चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास सगळ्यांना ठाऊक आहे. पण मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट लागतं, तेव्हा टप्प्याटप्प्याने जाणं कधीकधी स्वस्त पडतं. बेरीज करा.

8. घरच्यांना आधी सांगायचं, आयत्या वेळी नाही. सगळ्यात अवघड हेच होतं. सासूबाईंच्या गोळ्या, डबा, पाण्याचा पंप, सगळं लिहून फ्रिजवर लावलं तरी पहिल्या वेळी उंबऱ्यावर पाय अडखळला. त्या माजघरातून म्हणाल्या, "जा गो बाय, मी काय पळून जातेय?" परत आल्यावर देवळाचं विचारलं नाही, समुद्राचं नाही. विचारलं ते एवढंच, की तिथे नारळ कितीला? आमच्या परसात नऊ माड आहेत. गाव कसं आहे हे त्यांना त्या भावावरून कळतं. तेव्हापासून कुठेही गेले की पहिल्यांदा नारळवाल्यापाशी थांबते.

गेल्या खेपेला उडुपीहून आले तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. झोपमोड नको म्हणून चपला हातात घेऊन आत शिरले. अंधारातून आवाज आला, "कितीला गो?"