आरोग्य सुधारणा आणि लोकांचा प्रतिसाद : मिरज ते अमेरिका

शासनाचा एखादा निर्णय राजपत्रात प्रसिद्ध झाला म्हणजे तो अमलात आला, असा समज अनेकदा आढळतो. रस्ता किंवा पूल यांच्या बाबतीत तो काही अंशी खराही असतो. रस्ता झाला की माणसे त्यावरून जाऊ लागतात. त्यासाठी त्यांचे मन वळवावे लागत नाही. आरोग्यसेवेचे तसे नाही. रुग्णालयाच्या दारात पाऊल टाकण्यापूर्वी आजारी माणूस आणि त्याचे कुटुंब मनाशी काही प्रश्न विचारतात. तेथे आपल्याला कोण ओळखणार? पैसे किती लागतील? काही बरेवाईट झाले तर जबाबदार कोण? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत चांगली योजनादेखील कागदावरच राहते.

महाराष्ट्रात १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा विस्तार होऊन राज्यातील सर्व कुटुंबे तिच्या कक्षेत आली. अशा वेळी आरोग्य सुधारणांकडे लोक कसे पाहतात आणि त्यांच्या शंकांना कसे उत्तर द्यावे, याचा अभ्यास गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकास उपयुक्त ठरेल. या अभ्यासासाठी सातारा-सांगलीचा परिसर आणि दूरची अमेरिका, अशी दोन्ही ठिकाणची उदाहरणे उद्बोधक आहेत.

एकाच दशकातील दोन अनुभव

इ. स. १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि पाहता पाहता ती पुण्यापर्यंत पोहोचली. सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा करून अधिकाऱ्यांना व्यापक अधिकार दिले. घरांची झडती घेणे, रुग्णाला सक्तीने रुग्णालयात हलविणे, कुटुंबीयांना वेगळ्या छावणीत ठेवणे असे उपाय योजण्यात आले. पुण्यात या कामासाठी सैनिक नेमले गेले. साथ रोखणे हा हेतू योग्यच होता. परंतु घरात शिरणारा सैनिक, देवघराचा व माजघराचा न राखलेला मान आणि रुग्ण परत येईल की नाही याची भीती यांमुळे लोक रुग्णांना लपवू लागले. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

त्याच साथीत, त्याच पुण्याजवळ, एक दवाखाना असा होता की जेथे रुग्णांना कोणी सक्तीने नेले नाही. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सुकन्या सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हा दवाखाना चालविला होता. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे घेऊन येत. ही सेवा करीत असतानाच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

या साथीच्या दोनच वर्षे आधी, १८९४ मध्ये, मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय सुरू केले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने ते येथे आले होते. भाषा वेगळी, धर्म वेगळा, औषधे वेगळी, आणि शस्त्रक्रिया म्हणजे तर त्या काळी मृत्यूचेच दुसरे नाव. लोकांनी अविश्वास दाखविण्यास येथे पुरेशी कारणे होती. तरीही मिरजेच्या रुग्णालयाचा लौकिक दूरवर पसरला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन गावी परतलेला माणूस स्वतःच्या डोळ्यांनी वाट पाहत घरी येई. याहून मोठी जाहिरात कोणती असणार? मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे लांबच्या रुग्णांची सोय झाली. पुढे स्थानिक विद्यार्थ्यांना वैद्यकीय शिक्षण देण्याचे कामही मिरजेत सुरू झाले आणि उपचार करणारे हात आपल्याच माणसांचे झाले. १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, त्यामागे ही परंपरा होती.

दोन्ही ठिकाणी आधुनिक वैद्यकच लोकांपर्यंत पोहोचत होते आणि लोकही साधारणतः त्याच समाजातील होते. एके ठिकाणी त्यांनी रुग्ण लपविले, दुसऱ्या ठिकाणी बैलगाडीत घालून आणले. तेव्हा लोक अडाणी होते म्हणून त्यांनी विरोध केला, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. उपचार कोणत्या वाटेने आणि कोणाच्या हातून आपल्यापर्यंत येतो, हे त्यांनी पाहिले.

अमेरिकेतील सभा

सुशिक्षित आणि संपन्न देशात असे प्रश्न उद्भवत नसावेत, असे कोणास वाटेल. अमेरिकेचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. त्या देशात बहुसंख्य नोकरदारांना आरोग्य विमा मालकामार्फत मिळतो. पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या शासकीय योजना १९६५ मध्ये सुरू झाल्या. सर्व नागरिकांना विम्याचे संरक्षण द्यावे, हा प्रस्ताव अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्येच मांडला होता. परंतु डॉक्टरांच्या संघटनेचा तीव्र विरोध झाला आणि तो मागे पडला. १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी केलेला प्रयत्नही वर्षभरातच फसला. २०१० च्या सुमारास साडेचार कोटींहून अधिक लोकांकडे कोणताच विमा नव्हता.

अध्यक्ष ओबामा यांच्या कारकिर्दीत या प्रश्नावरील विधेयक तयार होत असताना, २००९ च्या ऑगस्ट महिन्यात, तेथील लोकप्रतिनिधींनी आपापल्या मतदारसंघात नागरिकांच्या सभा घेतल्या. आपल्याकडील ग्रामसभेची आठवण व्हावी अशा या सभा होत्या. अनेक ठिकाणी त्या गोंधळात बुडाल्या. शासनाने आपल्या मेडिकेअरला हात लावू नये, असे एका नागरिकाने ठणकावून सांगितल्याचे वृत्त तेव्हा गाजले. मेडिकेअर ही शासनाचीच योजना आहे, याची त्याला कल्पना नव्हती. या प्रसंगाचे हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु चाळीस वर्षांहून अधिक काळ चाललेली योजना कोणाची आहे, हे लाभार्थ्यालाच ठाऊक नसावे, यात प्रशासनाचाही दोष नाही काय?

अफवेत दडलेला प्रश्न

त्याच काळात एक भयंकर अफवा पसरली. वृद्धांनी जगावे की मरावे, हे शासकीय मंडळे ठरविणार, अशी ती अफवा होती. प्रत्यक्षात विधेयकातील तरतूद साधी होती. आयुष्याच्या अखेरच्या काळात कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, याविषयी वृद्ध रुग्णाने स्वेच्छेने डॉक्टरांशी सल्लामसलत केल्यास त्या भेटीचे शुल्क मेडिकेअरने द्यावे, एवढेच तीत म्हटले होते. अफवेपुढे माघार घेऊन ही तरतूद वगळण्यात आली. पुढे कोलाहल शमल्यावर, जानेवारी २०१६ पासून, तशाच सल्लामसलतीचे शुल्क मेडिकेअरमार्फत दिले जाऊ लागले आणि तेव्हा फारशी खळबळ उडाली नाही.

अफवा खोटी होती, परंतु तिच्या पोटातील भीती खरी होती. खर्च वाचविण्याची भाषा सुरू झाली की आपल्यासारख्या म्हाताऱ्या माणसांवरच पहिली कात्री लागेल, ही ती भीती. तिचे उत्तर वेळेवर व सोप्या शब्दांत मिळाले नाही, म्हणून अफवेला रान मोकळे मिळाले. अफवेचा केवळ निषेध करून भागत नाही. तिच्यात दडलेला प्रश्न शोधून त्याचे उत्तर द्यावे लागते.

अतिरिक्त आश्वासनाचा परिणाम

२३ मार्च २०१० रोजी विधेयकाचे कायद्यात रूपांतर झाले. आधीपासून असलेल्या आजाराच्या कारणावरून विमा नाकारण्यास मनाई झाली आणि सव्वीस वर्षे वयापर्यंतच्या मुलांना पालकांच्या विम्यात राहता येऊ लागले. या तरतुदी लोकांना आवडल्या. परंतु ज्यांना आपला सध्याचा विमा पसंत आहे त्यांचा तो तसाच राहील, असे आश्वासन वारंवार देण्यात आले होते. २०१३ च्या अखेरीस अनेकांना त्यांचा विमा रद्द झाल्याची पत्रे आली, कारण त्या जुन्या विम्यात नव्या कायद्याच्या अटी पुऱ्या होत नव्हत्या. त्याच सुमारास नोंदणीसाठीचे संकेतस्थळही पहिल्या दिवसापासून कोलमडले. अध्यक्षांना जाहीरपणे खेद व्यक्त करावा लागला. योजना जेवढे देते त्याहून किंचित अधिक सांगितले गेले आणि त्या किंचित अधिकाची किंमत फार मोठी ठरली.

तरीही पुढे जे घडले ते लक्षात घेण्याजोगे आहे. २०१७ मध्ये हा कायदा रद्द करण्याचे प्रयत्न सुरू झाले, तेव्हा लोकप्रतिनिधींच्या सभा पुन्हा गजबजल्या. या वेळी कायदा रद्द करू नका, असे सांगण्यासाठी लोक उभे राहिले. कोणाच्या घरी कर्करोगाचा रुग्ण होता, कोणाचे मूल जन्मतः आजारी होते. जुलै २०१७ मध्ये सिनेटमध्ये तो प्रयत्न थोडक्या मतांनी फसला. आठ वर्षांपूर्वी जी गोष्ट कानांवर केवळ शब्दरूपाने आली होती, ती आता अनेक घरांत उपचाररूपाने पोहोचली होती. मिरजेहून दृष्टी घेऊन परतलेल्या रुग्णाचीच ही अमेरिकन आवृत्ती म्हणावी लागेल.

महाराष्ट्रातील योजना व लोकांच्या शंका

महाराष्ट्रात गंभीर आजारांसाठी मोफत उपचारांची योजना टप्प्याटप्प्याने वाढत आली आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सातारा व सांगली हे जिल्हे त्यांत नव्हते; नोव्हेंबर २०१३ मध्ये योजना राज्यभर लागू झाली तेव्हा त्यांचा समावेश झाला. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले. फुले घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, ही या परिसराला अभिमानाची गोष्ट होय. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि पुढे दोन्ही योजना राज्यात एकत्रितपणे राबविल्या जाऊ लागल्या. सुरुवातीस कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांची मर्यादा होती आणि पिवळी व केशरी शिधापत्रिका असणाऱ्या कुटुंबांना मुख्यत्वे लाभ मिळे. १ जुलै २०२४ पासून मर्यादा पाच लाख रुपये झाली आणि शुभ्र शिधापत्रिकाधारकांनाही योजनेचे दार उघडले.

नावे बदलली, मर्यादा बदलली, पात्रता बदलली. नागरिकाच्या मनात मात्र बहुधा सर्वांत जुनी माहिती घर करून असते. ‘आमचे कार्ड पांढरे, आम्हाला काही मिळत नाही’ असे म्हणून एखादे कुटुंब चौकशीच न करता सावकाराचा उंबरा चढले, तर तो दोष त्या कुटुंबाचा म्हणता येणार नाही.

उलट बाजूचा गैरसमजही तेवढाच घातक आहे. पाच लाख रुपये ही रक्कम रोख हाती मिळत नाही. एका कुटुंबासाठी वर्षभरातील उपचारांची ती कमाल मर्यादा आहे. उपचार ठरावीक यादीतील असावा लागतो आणि तो अंगीकृत रुग्णालयातच घ्यावा लागतो. जवळचे प्रत्येक खाजगी रुग्णालय अंगीकृत असतेच असे नाही. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेली साधी औषधे या योजनेत बसत नाहीत. ही बंधने आधीच सांगितली नाहीत, तर ऐन संकटात ती कळतात आणि फसवणूक झाल्याची भावना निर्माण होते. अमेरिकेतील रद्द झालेल्या विम्याच्या पत्रांसारखाच हा अनुभव ठरतो.

याबरोबर आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीतील रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. ज्या आजारांसाठी मोठ्या रुग्णालयाची गरज नाही, त्यांच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र व ग्रामीण रुग्णालय हीच पहिली पायरी होय.

ग्रामसभेत काय करावे

परंपरेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या निमित्ताने ग्रामसभा भरतात. अशा एका सभेत आरोग्य योजनेसाठी अर्धा तास राखून ठेवणे कोणत्याही ग्रामपंचायतीला अवघड नाही. मात्र त्या अर्ध्या तासात केवळ परिपत्रक वाचून दाखविल्यास हेतू साध्य होणार नाही. पुढील क्रम उपयुक्त ठरेल.

पहिले, ग्रामस्थांना आधी विचारू द्यावे. आशा स्वयंसेविका आणि आरोग्य सेविका घरोघरी जातात. लोक त्यांना जे प्रश्न विचारतात ते त्यांनी सभेपूर्वी लिहून आणावेत. स्त्रियांच्या शंका सर्वसाधारण सभेत पुढे येतातच असे नाही, म्हणून महिला ग्रामसभेत हा विषय स्वतंत्रपणे घ्यावा.

दुसरे, परिसरातील अंगीकृत रुग्णालयांची अद्ययावत यादी, त्यांत कोणत्या आजारांवर उपचार होतात, आणि लागणारी कागदपत्रे म्हणजे शिधापत्रिका व ओळखपत्र, ही माहिती ठळक अक्षरांत फलकावर लावावी. शिधापत्रिकेतील नाव आणि ओळखपत्रातील नाव यांत फरक असेल तर तो आजार येण्यापूर्वीच दुरुस्त करून घेण्यास सांगावे. शाळेतील शिक्षकांचे साहाय्य या कामी मोलाचे ठरेल.

तिसरे, योजना काय देत नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. दाखल होताना प्रथम त्याची भेट घ्यावी. योजनेतील उपचारासाठी कोणी पैसे मागितल्यास तक्रार कोठे करावी, हे सभेतच सांगितलेले बरे.

चौथे, ज्या कुटुंबाने लाभ घेतला आहे, त्यातील कोणी आपखुशीने बोलण्यास तयार असेल तर त्याला बोलू द्यावे. ज्याला अडचण आली त्यालाही तेवढाच वेळ द्यावा. त्याची तक्रार इतिवृत्तात नोंदवून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावी आणि पुढील सभेत तिचे काय झाले ते सांगावे. तक्रारीचे उत्तर मिळते हे एकदा दिसले, की लोक पुढची तक्रार चावडीवर कुजबुजण्याऐवजी सभेत मांडतात.

प्लेगच्या साथीत ज्या आईने आपले मूल धान्याच्या कणगीआड लपविले असेल, तिला त्याचा मृत्यू नको होता. तिला ते घरी राहायला हवे होते. तिची भीती ऐकून घेणारा कोणी त्या झडतीत नव्हता. आज उंबऱ्याशी सैनिक येत नाही, आशा स्वयंसेविका येते. तिच्या हाती खरी व पुरी माहिती असेल आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आणून देण्याची मुभा तिला असेल, तर सातारा-सांगलीतील कोणत्याही घराला उपचारासाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी योजनेची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.