मागचं चाक उघडून बघ

बाळा, पुढच्या चाकांचे पॅड डोळ्यांना दिसतात, संपत आले की बहुतेक वेळा ओरडूनही सांगतात. मागचे लायनर ड्रमच्या पोटात असतात. हँडब्रेक पूर्वीपेक्षा दोन-चार खटके वर यायला लागला, की ते झिजलेत असं समज.

गाडी सपाट जागेवर घे, पहिला गिअर टाक, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लाव आणि हँडब्रेक सोड. तो ओढलेला असेल तर ड्रम निघायचा नाही. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात घालायचा नाही, स्टँड लावायचाच. ड्रम अडला तर हातोडा घेऊन सुटू नकोस. बऱ्याच गाड्यांत ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळ, ड्रम सरकत बाहेर येतो.

आतल्या काळ्या भुकटीवर फुंकर मारू नकोस. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात गेलं की आयुष्यभराचं दुखणं. ब्रेक क्लीनर मार आणि ओल्या फडक्याने पूस.

एका वेळी एकच बाजू खोल. कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात, हे दुसऱ्या चाकावर बघता येतं. ती बाजू आरशातल्यासारखी उलटी असते, एवढं ध्यानात ठेव. पुढच्या अंगाचा शू जास्त झिजलेला दिसला तर घाबरू नकोस. चाक पुढे फिरताना तोच ड्रमकडे ओढला जातो. लायनर 1 मिलिमीटरवर आलं असेल तर बदल, आणि बदलायचं तर दोन्ही चाकांचं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. व्हील सिलिंडरच्या रबराची कड हलकेच उचलून बघ. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. आधी त्याचं बघ, कारण ब्रेक ऑइल प्यालेलं नवं लायनरही फुकट जातं. शू प्लेटवर जिथे घासतो तिथे ग्रीसचं नुसतं बोट लाव, लायनरला त्याचा डागही नको. ड्रम बाहेर असताना ब्रेकचं पेडल कोणालाही दाबू देऊ नकोस, सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतील.

ड्रम बसवल्यावर पेडल कडक लागेपर्यंत दाब, मगच गाडी हलव. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नकोस, शू गंजून ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये उभी कर, चाकाला दगड लाव.

सर्व्हिसिंगला देशील तेव्हा मागचे ड्रम काढायला सांग, आणि काढतील तेव्हा तिथे उभा राहा.